त्यांच्या चालीने चालणं : लोकसंग्रह आणि डहाणूचं अंगण



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २० ते २६.

शक्य असेल तर पुढे वाचण्याआधी हे सात श्लोक अर्थासह एकदा वाचून घ्या. दहा मिनिटं पुरतात. घरात ज्ञानेश्वरी असेल तर याच श्लोकांवरच्या ओव्याही वाचा, कारण आजच्या चिंतनातला मुख्य दाखला माउलींचाच आहे.

हे वाचन निवडायला कारण आहे. गेल्या काही दिवसांत आपल्यातल्या तिघा-चौघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. सगळे तिशीच्या आसपासचे. कुणी नुकतंच टीम लीड झालंय, कुणाचा छोटा व्यवसाय आता बरा चालतोय. प्रश्न असा की, दादा, माणसं हाताखाली आली, पगार वाढला, पण हे सगळं कशासाठी ते कळत नाही. सोडून द्यावं आणि कुठेतरी आदिवासी भागात जाऊन सेवा करावी का?

प्रश्न खरा आहे, त्यामुळे घाईने उत्तर द्यायला नको. आधी भगवंत काय म्हणतात ते पाहू.

श्लोकांचा आशय

भगवान अर्जुनाला पहिलं उदाहरण देतात ते जनकाचं. जनक संन्यासी नव्हता. राजा होता, त्याच्यामागे कारभार होता. त्याला सिद्धी मिळाली ती कर्म करूनच. आणि निदान लोकसंग्रहासाठी तरी तू कर्म केलं पाहिजेस, असं ते अर्जुनाला सांगतात. लोकसंग्रह म्हणजे लोक गोळा करणं नव्हे, हे इथे लक्षात घ्या. लोकांना धरून ठेवणं, समाज विस्कटू न देणं, असा त्याचा अर्थ आहे.

पुढे सांगतात की श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं बाकीचे वागतात. मग स्वतःचं उदाहरण देतात : मला तिन्ही लोकांत मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी काम करतो, कारण मी थांबलो तर लोकही थांबतील. २५ व्या श्लोकात म्हणतात, अज्ञानी माणूस आसक्तीने जेवढं झटून काम करतो तेवढंच झटून ज्ञानी माणसाने करावं, पण आसक्तीशिवाय. आणि २६ व्या श्लोकात एक पथ्य सांगतात, ज्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही : जे आपापल्या कामात गुंतलेले आहेत त्यांची बुद्धी विचलित करू नकोस. स्वतः नीट काम कर आणि त्यांच्याकडूनही करवून घे.

इथे माउलींनी दिलेला दाखला फार सुंदर आहे. आंधळ्यासोबत वाट चालणारा डोळस माणूस पुढे असला तरी त्याच्या चालीने चालतो. पाय भराभर टाकता येत असले तरी टाकत नाही. धर्म असा आचरून दाखवावा, म्हणतात. २६ व्या श्लोकावर आणखी एक दाखला आहे : आईचं दूध ज्याला कसंबसं पिता येतं त्या बाळाला पक्वान्नं कशी भरवणार?

आता मला दिसलेली अडचण सांगतो. "आंधळा आणि डोळस" म्हटलं की आपण लगेच स्वतःला डोळस समजतो. डिग्री आपली, लॅपटॉप आपला, म्हणजे वाट आपल्याला माहीत. हे खरं आहे का? याचं उत्तर मला पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तळासरीच्या इतिहासात सापडलं.

१९४५ : एकच वर्ष, दोन वाटा

डहाणूपर्यंत आज चर्चगेटहून लोकल जाते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. किनाऱ्याला बोर्डी, घोलवड, चिकूच्या वाड्या. आत गेलं की टेकड्या, पाडे, वारली वस्ती. त्यापलीकडे तळासरी आणि मग गुजरातची हद्द.

या एवढ्याशा टापूत १९४५ साली दोन कामं सुरू झाली. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन आल्या. आणि तळासरी भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते. दोन्ही कामांचे विचार वेगळे, मार्ग वेगळे. पण त्या सगळ्यांना वाट नव्याने शिकावी लागली, ती तिथल्या माणसांकडून.

अंगणात गेलेली शाळा

अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय होत असे ते सांगायला नको. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षं शिकवलं. एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली, आणि १९४५ मध्ये पस्तिसाव्या वर्षी पुण्याची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. म्हणजे आज आपल्यापैकी बरेच जण ज्या वयात आहेत, साधारण त्याच वयात.

ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या. त्या १९१४ च्या पदवीधर. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या आणि मुंबईत दादरला शिशुविहार चालवलेल्या. बालशिक्षणात त्यांच्याएवढा अनुभव असलेली माणसं देशात मोजकीच होती. मॉंटेसरी पद्धत त्यांना पाठ होती. तयार प्रॉडक्ट हातात होतं म्हणा ना.

पण बोर्डीला बालवाडी सुरू केली तर वस्तीतली गरीब मुलं येईनात. घरी धाकटं भावंड सांभाळायचं, आई-वडील मजुरीला गेलेले, अंगावर धड कपडे नाहीत, आणि त्या इमारतीत पाऊल टाकायचीच भीती. अशा वेळी आपण काय म्हणतो? "लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." ताराबाई आणि अनुताईंनी तसं म्हटलं नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल. वस्तीतल्या मोकळ्या अंगणात रोज जायचं, मुलांना स्वच्छ करायचं, गाणी म्हणायची, खेळ घ्यायचे. परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया. ही अंगण-बालवाडी.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट आदिवासी मुलांमध्ये. तिथे नवी अडचण. मुलं गुरं आणि बकऱ्या चरायला नेणार. मग शाळाच कुरणात गेली. गुरं चरतायत, शेजारी झाडाखाली मुलं शिकतायत. याला नाव पडलं कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते, मग धाकट्यासाठी पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, याला नाव दिलं विकासवाडी.

आता २६ वा श्लोक पुन्हा आठवा. बुद्धी विचलित करू नकोस. "गुरं राखणं सोड, मग शिकवते" असं म्हटलं असतं तर त्या मुलाच्या मनात घर आणि शाळा यांच्यात भांडण लागलं असतं. बहुतेक घर जिंकलं असतं, कारण पोट घरी होतं. आणि शाळा जिंकली असती तर मूल घराला कमी लेखायला शिकलं असतं. कुरणशाळेने दोन्हीही होऊ दिलं नाही. मुलाचं काम चालू राहिलं आणि त्यातच शिकणंही आलं.

आणि डोळस कोण होतं इथे? अक्षर ओळखण्यात ताराबाई-अनुताई डोळस. पण कोणत्या झाडाचं पान कधी गळतं, कुठल्या ऋतूत घरात खायला नसतं, कोण कुठल्या वाटेने मजुरीला जातं, यात त्या पाड्यावरचं सात वर्षांचं पोर डोळस. एकाने दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्याने पहिल्याचा. माउलींचा दाखला मी आता असा वाचतो.

अनुताई कोसबाडच्याच झाल्या. कामाच्या धबडग्यात १९६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. बोर्डीला पाऊल ठेवल्यापासून ४७ वर्षं झाली होती.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका वस्तीतल्या अंगणापासून निघालेला शब्द देशाच्या प्रत्येक भाषेत पोचला, आणि हे पाहायला ताराबाई नव्हत्या. फळ बघायला मिळेल याची खात्री नसताना शेवटपर्यंत तेवढ्याच निगुतीने काम करणं, २५ वा श्लोक याबद्दलच बोलतो.

झरीची सभा

दुसरी वाट गोदावरीबाईंची. पुण्यातल्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य. पुढे कम्युनिस्ट झाल्या. गीता हातात घेऊन त्या तळासरीला आल्या नव्हत्या. मग भक्तीच्या पानावर त्यांचं नाव का, असं कुणी विचारेल. तर भगवंतांनी या सात श्लोकांत माणूस कोणत्या रंगाचा झेंडा धरतो ते विचारलेलं नाही. तो काय करतो आणि त्याच्यामागे लोक काय करायला शिकतात, एवढंच विचारलंय.

तेव्हा वारल्यांची अवस्था काय होती ते थोडक्यात सांगतो. जमीन सावकाराकडे गेलेली. वेठ, म्हणजे फुकट राबणूक. आणि लग्नगडी नावाची प्रथा : लग्नासाठी थोडं कर्ज काढायचं आणि त्याबदल्यात नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं. कर्ज फिटायचंच नाही.

गोदावरीबाई पाड्यापाड्यावर पायी फिरल्या. लोकांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांचं खाल्लं. मे १९४५ मध्ये तळासरीजवळच्या झरी गावात सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, मजुरी रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर काम करायचं नाही, आणि मारहाण झाली तर सगळ्यांनी मिळून विरोध करायचा, असं ठरलं. पुढचे महिने सोपे नव्हते. त्याच वर्षी गोळीबार झाला, माणसं मेली. पण वेठीचा आणि लग्नगडीचा कणा मोडला तो याच लढ्याने.

या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव आहे "जेव्हा माणूस जागा होतो". मला हे नावच चिंतनासारखं वाटतं. "मी माणसाला जागं केलं" असं नाव त्यांनी दिलेलं नाही. जागा होणारा माणूसच त्या वाक्याचा कर्ता आहे.

गीतेत "करवून घे" असं म्हटलंय, त्याचा अर्थ इथे नीट उलगडतो. करवून घेणं म्हणजे मॅनेजरने टास्क वाटणं नाही. गोदावरीबाई वकिलीच्या बळावर एकेकाची कोर्टातली केस लढत बसल्या असत्या, तर मदत झाली असती, कौतुकही झालं असतं. पण "नाही" म्हणण्याचं काम वारल्याचं होतं. ते दुसऱ्या कुणाला त्याच्यासाठी करता येत नव्हतं.

आणि व्यवसाय?

व्यवसाय करणाऱ्या मित्रांसाठी तिसरं उदाहरण. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. वारली चित्रं पूर्वी लग्नाच्या वेळी भिंतीवर काढली जायची आणि ती बायका काढायच्या. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. मशे हे रोज काढू लागले, पुढे कागदावर आणि कापडावर. १९७० च्या दशकात मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, मग जगभर नाव झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांचं पाहून त्यांच्या मुलांनी, मग शेजारच्या पाड्यांवरच्या तरुणांनी आणि बायकांनी काडी हातात घेतली. आज या भागातली कितीतरी घरं या चित्रांवर काही ना काही कमावतात. श्रेष्ठ माणूस करतो तसं बाकीचे करतात, हा २१ वा श्लोक इथे अगदी सरळ दिसतो.

पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूलाही. या मानांकनाची गंमत म्हणजे ते कुण्या एका कंपनीच्या किंवा माणसाच्या मालकीचं होत नाही. त्या प्रदेशातल्या सगळ्या खऱ्या उत्पादकांचा त्यावर हक्क असतो. ज्याच्यामुळे आपल्याबरोबर शेजाऱ्याचीही बाजारातली पत वाढते, तो व्यवसायातला लोकसंग्रह. तुमच्या दुकानाने, स्टार्टअपने असं काय केलंय ज्याचा फायदा तुमच्याच धंद्यातल्या दुसऱ्यालाही होतो? हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. बॅलन्स शीटमध्ये याचा रकाना नसतो.

मग नोकरी सोडायची का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अनुताईंनी नोकरी सोडली, जनकाने राज्य सोडलं नाही. गीता दोघांनाही मान्य करेल. म्हणून "सोडू की नको" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. या सगळ्या माणसांकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते : कामाचा अर्थ आधी सापडला आणि मग ती कामाला लागली, असं झालेलं नाही. ताराबाई बोर्डीला आल्या तेव्हा "अंगणवाडी" हा त्यांच्या आयुष्याचा अर्थ नव्हता. तो शब्द त्या मुलांनी त्यांना दिला, बालवाडीत न येऊन. आपल्याला अर्थ घरी बसून, नोटपॅड उघडून हवा असतो. तो तिथे मिळत नाही, कारण तो आपल्या एकट्याकडे नसतोच. अर्धा समोरच्या माणसाकडे असतो.

म्हणून उद्या राजीनामा देऊन डहाणूला जायची तयारी करत असाल तर थांबा. तिथल्या माणसांना तुमच्या आयुष्याचा अर्थ शोधून देण्याचं काम लावू नका. आणि ऑफिसातच राहणार असाल, तर तिथेही अंगण आहे. टीममधला जो ज्युनियर मीटिंगमध्ये कधीच बोलत नाही, तो "इंटरेस्टेड नाही" असं ठरवण्याआधी त्याच्या डेस्कपाशी जाऊन बसा. कदाचित त्याला इंग्रजीची भीती वाटत असेल. कदाचित घरी कुणी आजारी असेल. मीटिंग त्याच्यापर्यंत नेता येते का ते बघा.

आमच्या सत्संग गटात सध्या हाच विषय चालू आहे. तळासरी तालुक्यातल्या एका शाळेसाठी काहीतरी करायचंय. निधी जमलाय. काहींचं म्हणणं, टॅब घेऊन एका रविवारी जाऊन वाटून येऊ. हेतू चांगलाच आहे. पण चर्चेनंतर असं ठरतंय की पहिल्या तीन भेटी रिकाम्या हाताने करायच्या. बॅनर नाही, फोटो नाही. शिक्षकांना आणि पालकांना विचारायचं, ऐकायचं. कदाचित टॅबच हवे असतील. कदाचित पावसाळ्यात गळणारं छप्पर आधी हवं असेल. आणि जे ठरेल ते किमान दोन वर्षं निभवायचं, नाहीतर सुरूच करायचं नाही. यात काहींचा उत्साह कमी होईल, दोघं-तिघं गळतीलही. चालेल. डोळसाने चाल कमी करायची म्हणजे हेही आलंच.

आजचा अभ्यास

१. आज ज्या माणसांसाठी तुम्ही काम करता, त्यातल्या एकाचं नाव लिहा. टीममधला, ग्राहकांमधला, सोसायटीतला, कुणीही. "त्याला काय हवंय" हे तुम्ही त्याला शेवटचं कधी विचारलं?

२. तुमच्या कामातली अशी एक जागा शोधा जिथे "लोक येत नाहीत" अशी तक्रार आहे. तिथे तुम्ही जाऊ शकता का?

३. एखादं काम तुम्ही दुसऱ्यासाठी करत असाल तर बघा, ते त्याच्याकडून करवून घेता येईल का? वेळ जास्त लागेल, तरीही.

४. झोपण्याआधी २५ वा आणि २६ वा श्लोक पुन्हा वाचा.

प्रार्थना

हे पांडुरंगा, चार माणसं माझ्या शब्दाने चालतात, हे तुझंच देणं आहे. माझी चाल त्यांना झेपेल एवढी ठेव. मला जे दिसत नाही ते त्यांच्या डोळ्यांनी दाखव. मी नसताना त्यांचं अडणार नाही असं काम माझ्या हातून होऊ दे. आणि ते झाल्यावर माझं नाव राहिलं नाही तरी मन शांत राहू दे.

उद्याचं वाचन : याच अध्यायातले पुढचे श्लोक, २७ ते ३०. तोवर राम कृष्ण हरी.